कृष्णा खोऱ्यातील पूर-पूर्वानुमान : फूटपट्टीपासून संगणकीय प्रतिमानापर्यंतचा इतिहास

प्रास्ताविक

पावसाळ्यात कृष्णा-पंचगंगेच्या काठी दोन आकडे लहानथोरांच्या तोंडी असतात. एक सांगलीच्या आयर्विन पुलाचा आणि दुसरा कोल्हापूरजवळच्या राजाराम बंधाऱ्याचा. सांगली संस्थानच्या काळात, १९२९ मध्ये, वाहतुकीस खुल्या झालेल्या आयर्विन पुलापाशी पाणी ४० फुटांवर पोहोचले की इशारा पातळी आणि ४५ फुटांवर पोहोचले की धोका पातळी गाठली असे मानले जाते. राजाराम बंधाऱ्यावर हेच आकडे अनुक्रमे ३९ व ४३ फूट आहेत. बाजारपेठेतील दुकानदार माल वरच्या मजल्यावर कधी न्यायचा, गोठ्यातील जनावरे कधी सोडायची, मुलाबाळांना नातेवाइकांकडे कधी पाठवायचे, हे निर्णय पिढ्यान्‌पिढ्या या फुटांच्या आधारे घेतले गेले आहेत.

तथापि फूटपट्टीला एक मूलभूत मर्यादा आहे. पाणी आता कोठे आहे एवढेच ती सांगते. उद्या कोठे असेल हे सांगत नाही. हा दुसरा प्रश्न गणिताने, पुढे संगणकाने आणि अखेरीस अनेक संगणक-आज्ञावल्या एकमेकींना जोडून सोडविण्याचा प्रयत्न कृष्णा खोऱ्यात कसा झाला, याचा परामर्श प्रस्तुत निबंधात घेतला आहे. पुराचा इतिहास लिहिताना सामान्यतः पावसाचे, पाण्याच्या पातळीचे आणि हानीचे वर्णन येते. पूर्वानुमानाच्या साधनांचा इतिहास मात्र अभियांत्रिकीच्या अहवालांतच राहतो. वास्तविक या साधनांच्या इतिहासातच प्रशासन, राज्यांचे परस्परसंबंध आणि नागरिकांचे जीवित यांचे धागे गुंतलेले आहेत. आज्ञावल्या एकत्र आणण्याचे काम तुलनेने लवकर साधले. त्या आज्ञावल्यांना आकडे पुरविणाऱ्या आणि त्यांचे उत्तर वापरणाऱ्या यंत्रणा एकत्र आणण्याचे काम मात्र रेंगाळले, असे या इतिहासावरून दिसते.

खोऱ्याची रचना

महाबळेश्वरी उगम पावणारी कृष्णा सह्याद्रीच्या उतारावरून वेगाने खाली येते. कऱ्हाडला तिला कोयना मिळते, सांगलीजवळ हरिपूर येथे वारणा मिळते आणि नृसिंहवाडी येथे पंचगंगा मिळते. पंचगंगा स्वतः कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या प्रवाहांपासून प्रयाग चिखलीच्या संगमावर आकारास येते. घाटमाथ्यावर पावसाचे प्रमाण प्रचंड आहे. सांगलीपासून खाली मात्र नदीचा उतार अगदी कमी होतो आणि पात्र वळणे घेत संथपणे कर्नाटकात शिरते. चहूबाजूंनी वेगाने येणारे पाणी आणि त्याला पुढे सरकण्यास लागणारा वेळ यांच्यातील ही विषमता सांगली, मिरज, शिरोळ या परिसराच्या पुराचे मूळ कारण आहे.

आणखी एक बाब येथे लक्षात घ्यावी लागते. कृष्णेला पूर आला की पंचगंगेच्या पाण्याला पुढे वाट मिळत नाही. ते मागे फुगते. या फुगवट्यामुळे कोल्हापूर-शिरोळ भागात पाऊस उघडल्यानंतरही पाणी दिवसेंदिवस उतरत नाही. पंचगंगेच्या पुराचा अंदाज पंचगंगेच्या पावसावरून पुरतेपणी बांधता येत नाही, हे स्थानिक शेतकऱ्यास अनुभवाने ठाऊक आहे. गणिती प्रतिमानांना तेच शिकण्यास बराच काळ लागला.

पानशेतचा धडा

महाराष्ट्रातील जल-आपत्तीच्या नियोजनाचा विचार १२ जुलै १९६१ या दिवसापासून सुरू करावा लागतो. मुठेची उपनदी आंबी हिच्यावरील पानशेत धरणाचे काम पूर्णत्वास जाण्यापूर्वीच त्यात पाणी साठले होते. ते धरण त्या दिवशी सकाळी फुटले, त्या लोंढ्याने खाली खडकवासला धरणही फुटले आणि पुण्याचा नदीकाठ उद्ध्वस्त झाला. धरण वाचविण्यासाठी जवान वाळूची पोती रचत होते, म्हणजे संकटाची जाणीव धरणावर होती. शहराला मात्र वेळेवर आणि स्पष्ट शब्दांत इशारा मिळाला नाही. पुढील चौकशीत अभियांत्रिकीच्या कारणांची दीर्घ चिकित्सा झाली. परंतु इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाचा मुद्दा असा की, धरणावर असलेली माहिती आणि शहराला लागणारी माहिती यांना जोडणारी कोणतीही ठरलेली वाट त्या वेळी अस्तित्वात नव्हती.

खडकवासल्यासच, १९१६ मध्ये पाया घातलेले केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र आहे. नद्या आणि धरणे यांच्या लहान प्रमाणातील प्रतिकृती बांधून, त्यांत प्रत्यक्ष पाणी सोडून अभ्यास करण्याची परंपरा या संस्थेने देशात रुजविली. तथापि माती-सिमेंटची प्रतिकृती बांधकामाचा प्रश्न सोडविते. आज रात्री कोसळणाऱ्या पावसाचे उद्या काय होईल, या प्रश्नासाठी तिचा उपयोग नाही. देशात शास्त्रशुद्ध पूर-पूर्वानुमानाची सुरुवात १९५८ मध्ये केंद्रीय जल आयोगाच्या पूर्वसूरी संस्थेने दिल्लीला यमुनेवर केली. तिची पद्धत साधी होती. वरच्या ठाण्यावर पाणी अमुक पातळीला असता खालच्या ठाण्यावर तमुक तासांनी किती चढते, याचे जुन्या नोंदींवरून आलेख काढायचे आणि बिनतारी संदेशाने आलेली पातळी त्यांवर वाचायची. दोन ठाण्यांमधील या आलेखांनी अनेक दशके देशाची सेवा केली, हे नमूद केले पाहिजे. मात्र मध्ये एखादे मोठे धरण बांधले गेले की जुन्या नोंदींचा आधार सुटतो. कोयना धरण साठच्या दशकात उभे राहिले. त्यानंतर धोम, कण्हेर, वारणा अशी साखळीच तयार झाली. नदी आता केवळ पावसाच्या हुकमावर वाहत नव्हती. दरवाजांवरील निर्णयही तिच्या पातळीत मिसळू लागले होते.

गणिताचा प्रवास

वाहत्या पाण्याच्या गणिताचा पाया फ्रेंच अभियंता सेंट-व्हेनॉ याने १८७१ मध्ये घातला. पाण्याचे वस्तुमान आणि संवेग यांचा हिशोब मांडणारी त्याची समीकरणे अचूक होती. पण खऱ्याखुऱ्या नदीसाठी ती हाताने सोडविणे अशक्यप्राय होते. म्हणून पुढील काळात सुटसुटीत वाटा शोधल्या गेल्या. १९३२ मध्ये अमेरिकेत शेरमन याने एकक जलालेखाची संकल्पना मांडली. पाणलोटावर ठरावीक काळात एक एकक परिणामी पाऊस पडला तर नदीत पाणी कसे चढेल व उतरेल, याचा तो नमुना होय. १९३८ मध्ये मॅकार्थी याने ओहायोतील मस्किंगम नदीच्या अभ्यासातून पूर एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी कसा सरकतो याची सोपी रीत दिली. जगभर ती मस्किंगम पद्धत म्हणूनच ओळखली जाते.

कृष्णेच्या संदर्भात या पद्धतीचा दोष निर्णायक आहे. मस्किंगम पद्धतीत पाण्याचा परिणाम वरून खाली जातो, खालून वर येत नाही. नृसिंहवाडीचा फुगवटा त्या गणितात बसतच नाही. तो पकडायचा तर सेंट-व्हेनॉची मूळ समीकरणेच सोडवावी लागतात आणि त्यासाठी संगणक लागतो. म्हणजे सांगली-शिरोळच्या सपाट पट्ट्यात पूर्ण जलगतिकी प्रतिमान ही चैनीची बाब नव्हती. भूगोलानेच ती गरज निर्माण केली होती.

साठच्या दशकानंतर हे काम करणाऱ्या संस्था उभ्या राहिल्या. अमेरिकेच्या लष्करी अभियंत्यांचे जलविज्ञान केंद्र आणि डेन्मार्कची जलविज्ञान संस्था ही दोन्ही १९६४ ची. डेन्मार्कच्या तांत्रिक विद्यापीठात नील्सन व हॅन्सन यांनी १९७३ मध्ये मांडलेले ‘नॅम’ हे पर्जन्य-अपवाह प्रतिमान पुढे डॅनिश संस्थेच्या ‘माइक ११’ या नदी-प्रतिमानाशी जोडले गेले. नॅम जमिनीकडे एकाखाली एक ठेवलेल्या भांड्यांप्रमाणे पाहते : पृष्ठभागावरचे, मुळांच्या थरातले आणि भूजलाचे. जूनच्या आरंभी कोरड्या जमिनीवर पडलेला शंभर मिलिमीटर पाऊस बहुतांशी या भांड्यांत मुरतो. ऑगस्टमध्ये भांडी काठोकाठ भरलेली असताना तेवढाच पाऊस थेट ओढ्याला लागतो. पूर केवळ पावसाच्या आकड्यावर अवलंबून नसून आधी किती पाऊस झाला यावरही अवलंबून असतो, हे शेतकऱ्याच्या परिचयाचे सत्य या प्रतिमानात गणिताच्या भाषेत येते.

नोंदवहीपासून एकत्रित प्रणालीकडे

प्रतिमान कितीही चांगले असले तरी त्याला आकड्यांचे खाद्य लागते. विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत महाराष्ट्रातील पर्जन्य व प्रवाहाच्या नोंदी वेगवेगळ्या खात्यांच्या वह्यांत विखुरल्या होत्या. हवामान विभागाची ठाणी निराळी, राज्याच्या पाटबंधारे खात्याची निराळी, केंद्रीय जल आयोगाची निराळी. भूजलाचा तर संसारच वेगळा. १९९५ मध्ये जागतिक बँकेच्या साहाय्याने सुरू झालेल्या जलविज्ञान प्रकल्पाने या विखुरलेपणावर पहिला पद्धतशीर उपाय केला. महाराष्ट्रासह द्वीपकल्पीय राज्यांमध्ये ठाण्यांची दुरुस्ती झाली, मोजमापाच्या एकसमान रीती ठरल्या आणि नोंदी संगणकात भरून तपासण्यासाठी ‘स्वडेस’ व ‘हायमॉस’ या आज्ञावल्या आल्या. नाशिक येथे राज्याचे जलविषयक माहिती विश्लेषण केंद्र उभे राहिले. हा टप्पा फारसा नेत्रदीपक नव्हता. जुन्या वह्यांतील दशांश चिन्हे तपासण्याच्या कामाची बातमी कधी होत नाही; परंतु त्याशिवाय पुढचे काहीच शक्य झाले नसते.

२००५ च्या जुलैअखेरचा पाऊस मुंबईच्या आठवणीत कायमचा कोरला गेला आहे. त्याच सुमारास कृष्णा-पंचगंगेला महापूर आला आणि सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी ५३ फुटांवर गेले. पुढच्याच वर्षी पुन्हा पुराने छळले. आलमट्टी धरणाचे पाणी कारणीभूत की कोयनेचा विसर्ग, असा वाद पेटला; पण वादात दोन्ही बाजूंना मान्य होईल असे गणित कोणाकडेच नव्हते. २००६ ते २०१४ या काळातील जलविज्ञान प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यात कृष्णा व भीमा खोऱ्यांसाठी प्रत्यक्षकालीन प्रवाह-पूर्वानुमान व जलाशय परिचालन प्रणाली उभारण्याचे काम डॅनिश संस्थेच्या साहाय्याने हाती घेण्यात आले, त्यामागे हा अनुभव होता.

या प्रणालीचे वैशिष्ट्य तिच्या जोडणीत आहे. खोऱ्यातील स्वयंचलित पर्जन्यमापक व पातळीमापक आपले आकडे दूरसंदेशाने पुण्याच्या केंद्रास पाठवितात. त्यांना हवामान विभागाच्या पर्जन्य-पूर्वानुमानाची जोड मिळते. पर्जन्य-अपवाह प्रतिमान त्यावरून प्रत्येक उप-खोऱ्यातून किती पाणी येईल हे काढते. जलाशयाचे प्रतिमान धरणाची आवक, साठा व विसर्ग यांचा मेळ घालते. नदीचे जलगतिकी प्रतिमान ते पाणी कऱ्हाड, सांगली, शिरोळपर्यंत पोहोचविते. प्रत्यक्ष मोजलेली पातळी आणि गणिताने काढलेली पातळी यांत फरक पडला तर प्रतिमान स्वतःस सावरून घेते. एकाचे उत्तर दुसऱ्याचा प्रश्न बनते. पूर्वी निरनिराळ्या कार्यालयांत निरनिराळ्या कागदांवर होणारी ही कामे आता एका साखळीत आली.

धरणाच्या खाली पडणारा पाऊसही या साखळीत मोजला जातो, याचा विशेष उल्लेख केला पाहिजे. ज्याला अभियंते मुक्त पाणलोट म्हणतात त्या क्षेत्रातील पाणी कोणत्याही दरवाजाच्या ताब्यात नसते. कोयनेचे दरवाजे पूर्ण बंद ठेवले तरी कऱ्हाड ते सांगली या पट्ट्यात पूर येऊ शकतो. लोकमानसात मात्र पूर म्हणजे धरणाने सोडलेले पाणी असे समीकरण दृढ झालेले आहे.

तीन दिवसांचे गणित

पूर्वानुमान नेमके किती आधी हवे? या प्रश्नाचे उत्तर साध्या अंकगणितात आहे. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट. एक लाख क्युसेक विसर्ग अखंड चोवीस तास केला तर ८.६४ टीएमसी पाणी बाहेर पडते. कोयनेची एकूण साठवण क्षमता १०५.२५ टीएमसी आहे. समजा, मोठा पाऊस येणार म्हणून जलाशयात दहा टीएमसीची जागा करावयाची आहे. परंतु खालच्या गावांना त्रास होऊ नये म्हणून आवकेपेक्षा केवळ ४०,००० क्युसेक इतकाच जास्तीचा विसर्ग करावयाचा आहे. या कामास अडीच लाख सेकंद लागतात, म्हणजे जवळजवळ सत्तर तास. हे काम चोवीस तासांत उरकावयाचे म्हटले तर विसर्ग १,१५,००० क्युसेकच्या पुढे न्यावा लागेल आणि पूर टाळण्यासाठी केलेली तयारीच पुराचे कारण होईल.

जलाशयात जागा करण्याचा शहाणपणा तीन दिवस आधीच्या विश्वसनीय अंदाजाशिवाय अमलात येत नाही. आणि तीन दिवसांनंतरच्या पावसाचा अंदाज डोंगराळ प्रदेशात नेमका चुकण्याची शक्यता अधिक असते. दरवाजा उघडण्याचा निर्णय घेणाऱ्या अभियंत्यापुढचा पेच येथे आहे. पाणी सोडले आणि पाऊस आलाच नाही तर ऑक्टोबरमध्ये धरण अपुरे भरल्याचा ठपका त्याच्यावर येतो. हा ठपका किरकोळ नव्हे. २०१५ च्या अवर्षणानंतर, एप्रिल २०१६ मध्ये, तहानलेल्या लातूरला रेल्वेच्या टाक्यांमधून पाणी नेण्यात आले, ते मिरजेहून. ज्या कृष्णेने २०१६ मध्ये लातूरची तहान भागविली तिनेच तीन वर्षांनी सांगली बुडविली. टंचाई आणि महापूर या दोन्ही आपत्ती एकाच साठ्याच्या निर्णयाशी बांधलेल्या आहेत. कोणत्या तारखेला धरणात किती साठा असावा हे ठरविणारी जलाशय परिचालन सूची सरासरी पावसाळा गृहीत धरून केलेली असते. प्रतिमान त्या सूचीपेक्षा निराळे काही सुचवीत असेल, तर सूची सोडून प्रतिमानाचे ऐकण्याचा अधिकार कोणाला, हा प्रश्न कोणतीही आज्ञावली सोडवू शकत नाही. तो प्रशासकीय उत्तरदायित्वाचा प्रश्न आहे. अंदाज चुकला तरी सद्हेतूने घेतलेल्या निर्णयास संरक्षण नसेल, तर अभियंता सूचीच्या आश्रयाला जाईल, यात नवल नाही.

२०१९ : प्रणाली असताना आलेला महापूर

२०१९ च्या जुलैअखेरीपासून ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत घाटमाथ्यावर व मुक्त पाणलोटात पावसाने विश्रांती घेतली नाही. धरणे भरत आली होती. दरवाजे उघडावे लागले. आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर, तर राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांवर गेले. कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांत मिळून चार लाखांहून अधिक लोकांना घरे सोडावी लागली. ८ ऑगस्टला पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे पुरातून बाहेर पडणाऱ्या ग्रामस्थांची बोट उलटून स्त्रिया व मुलांसह अनेकांना प्राण गमवावे लागले.

या महापुराच्या हानीत एका अदृश्य घटकाचा वाटा होता. लोकांनीही मनात एक प्रतिमान बाळगले होते आणि ते २००५ चे होते. भिंतीवर त्या वर्षीची खूण होती. पाणी तेथवर येईल या हिशोबाने सामान माळ्यावर गेले, वाहने थोड्या उंचावर लावली गेली, जनावरे शेजारच्या वाड्यात बांधली गेली. ज्या घरांत २००५ मध्ये पाणी आले नव्हते त्यांनी घर सोडण्याचे कारण पाहिले नाही. पाणी त्या खुणेच्या चार फूट वर गेले तेव्हा बाहेर पडण्याच्या वाटा बंद झाल्या होत्या. अशा वेळी ‘विसर्ग इतके हजार क्युसेक’ ही सूचना निरुपयोगी ठरते. ज्याला क्युसेकचे फूट करता येत नाहीत आणि फुटांची आपली गल्ली करता येत नाही, त्याच्यासाठी तो केवळ एक मोठा आकडा असतो.

जल-आपत्तीच्या नियोजनात प्रतिमानांच्या एकत्रीकरणाची खरी कसोटी येथे लागते. नदीचे प्रतिमान पातळी सांगते. त्या पातळीला जमिनीच्या उंचसखलपणाच्या नकाशाची जोड दिली की कोणता भाग किती बुडेल हे समजते. त्यावर घरे, रस्ते, दवाखाने, पाणीपुरवठ्याची जॅकवेल यांची माहिती चढविली की नियोजनास उपयुक्त चित्र तयार होते. महाराष्ट्रात निळ्या व लाल पूररेषा आखण्याची पद्धत पूर्वीपासून आहे. निळी रेषा साधारणतः पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. परंतु या रेषा बांधकाम-परवानगीसाठी आखल्या गेल्या. आज रात्री कोणती गल्ली रिकामी करावयाची हे त्या सांगत नाहीत. सांगलीत सूर्यवंशी प्लॉट, कर्नाळ रस्ता आणि कोल्हापुरात सुतारवाडा येथे पाणी प्रथम येते, हे प्रत्येक स्थानिक कर्मचाऱ्यास पाठ आहे. त्यानंतर कोणता भाग, हे ज्ञान मात्र तेथील जुन्या रहिवाशांच्या स्मरणात होते, आणि २०१९ च्या पातळीला ते स्मरणही संपले. प्रयाग चिखलीसारख्या गावाला तर १९८९ च्या पुरानंतर सोनतळी येथे पुनर्वसनाच्या जागा मिळाल्या. तरीही शेती व गोठे नदीकाठीच राहिल्यामुळे गाव पूर्णतः हलले नाही. जनावरांची सोय नसलेले स्थलांतराचे नियोजन कागदावरच राहते, ही बाब प्रतिमानाच्या कक्षेबाहेरची असली तरी नियोजनाच्या कक्षेबाहेरची नाही.

राज्याच्या सीमेवर थांबणारे गणित

महापुरानंतर शासनाने निवृत्त प्रधान सचिव नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली अभ्यास समिती नेमली. तिचा अहवाल मे २०२० मध्ये सादर झाला. अतिवृष्टी आणि नदीपात्रातील व पूरक्षेत्रातील अडथळे यांवर समितीने भर दिला. आलमट्टीच्या फुगवट्यामुळे सांगली-कोल्हापुरात पूर आला हे मत तिने ग्राह्य धरले नाही. नदीकाठच्या अनेक कार्यकर्त्यांना व जाणकारांना हा निर्वाळा पटला नाही, आणि वाद मिटला नाही.

आलमट्टी सांगलीच्या खाली नदीमार्गाने दोनशेहून अधिक किलोमीटरवर आहे. सध्याची पूर्ण संचय पातळी ५१९.६० मीटर असून दुसऱ्या कृष्णा पाणी तंटा लवादाने २०१० मध्ये ती ५२४.२५६ मीटरपर्यंत नेण्यास अनुकूल निवाडा दिला. २०१९ च्या पुरात तेथून पाच लाख क्युसेकहून अधिक विसर्ग करण्यात आला. तो कधी वाढविला, आधी वाढविता आला असता काय, यावर दोन्ही राज्यांची मते भिन्न आहेत. गणिताच्या दृष्टीने प्रश्न वेगळा आणि अधिक मूलगामी आहे. जलगतिकी प्रतिमानाला वरच्या टोकाला येणारे पाणी जसे सांगावे लागते तसे खालच्या टोकाची पातळीही सांगावी लागते. कृष्णेचे खालचे टोक कर्नाटकात आहे. हिप्परगी बंधाऱ्याचे दरवाजे आणि आलमट्टीची पातळी यांचे ताजे आकडे उपलब्ध नसतील, तर महाराष्ट्राच्या प्रतिमानाला राजापूर बंधाऱ्याच्या पुढे नदी कशी वागेल हे गृहीत धरावे लागते. उलट आलमट्टीच्या अभियंत्यास कोयना, वारणा व मुक्त पाणलोट यांतून येणारी आवक आधी कळली तरच त्याला वेळेवर जागा करता येईल. दोन्ही राज्यांना एकमेकांच्या आकड्यांची गरज सारखीच आहे. पण लवादापुढे प्रतिपक्ष म्हणून उभी असलेली राज्ये आकडे सहजासहजी देत नाहीत. आज दिलेला आकडा उद्या पुरावा म्हणून पुढे येईल, ही भीती दोन्हीकडे असते.

याला अनुसरून प्रतिमानाची भूमिकाही बदलली. पूर्वानुमानाचे साधन म्हणून आलेले प्रतिमान वादातील साक्षीदार बनले. आलमट्टीची उंची वाढल्यास महाराष्ट्रात फुगवटा कोठपर्यंत येईल, याचा अभ्यास रुरकीच्या राष्ट्रीय जलविज्ञान संस्थेकडे सोपविण्यात आला, तो या कारणाने. साक्षीदाराकडून निश्चित उत्तराची अपेक्षा असते. पूर्वानुमानाचे उत्तर मात्र नेहमी शक्यतेच्या भाषेत असते. एकाच आज्ञावलीकडून या दोन्ही अपेक्षा ठेवल्या की तिच्या उत्तराबद्दल संशय निर्माण होतो, आणि संशयित उत्तराच्या आधारे कोणी गाव रिकामे करीत नाही.

२०२१ आणि त्यानंतर

जून २०२१ मध्ये दोन्ही राज्यांच्या शासनांत पूर-नियंत्रणासंबंधी चर्चा झाली व परस्परांना आकडे पुरविण्यावर भर देण्यात आला. महिन्याभरातच त्याची परीक्षा झाली. २३ जुलै २०२१ ला संपलेल्या चोवीस तासांत महाबळेश्वरला सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस कोसळला. सांगलीत पाणी ५५ फुटांच्या आसपास पोहोचले. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावरील पातळी तर २०१९ च्याही पुढे गेली. परंतु या वेळी आलमट्टीचा विसर्ग तुलनेने लवकर वाढविण्यात आला होता आणि काठावरची अनेक गावे पाणी येण्यापूर्वी हलली होती. या वेगाचे श्रेय प्रतिमानाला किती, दोन राज्यांतील संवादाला किती आणि दोनच वर्षांपूर्वीच्या ताज्या जखमेला किती, हे वेगळे करून सांगणे कठीण आहे. लोकांच्या मनातील २००५ च्या खुणेची जागा २०१९ च्या खुणेने घेतली होती, एवढे निश्चित.

त्यानंतर कृष्णाकाठच्या अनेक भिंतींवर नव्या उंचीच्या रेषा रंगविल्या गेल्या. पुण्याच्या केंद्रातील पडद्यावर पुढील तीन दिवसांची वक्ररेषा उमटते, आणि आयर्विन पुलाजवळ आजही माणसे छत्री धरून फूट मोजतात. कर्नाटकातील दरवाजाची हालचाल पुण्याच्या पडद्यावर किती मिनिटांत दिसते आणि पडद्यावरील वक्ररेषा नदीकाठच्या तलाठ्यापर्यंत कोणत्या शब्दांत पोहोचते, हे दोन सांधे अद्याप व्यक्तींच्या परस्पर-परिचयावर आणि दूरध्वनीवर बव्हंशी अवलंबून आहेत. अधिकारी बदलला की ते पुन्हा नव्याने जोडावे लागतात.